आपल्या पायांनीं बंदिशाळेच्या दारीं

(उपदेशकांसाठीं व मंडळींच्या अभ्यासवर्गासाठीं पाठ)

गेल्या पावसाळ्यांत एका खेड्यांतील उपदेशकांचें पत्र आम्हांस आलें. त्यांच्या मंडळींतील एक बंधु गांवच्या पतपेढीचे चिटणीस होते. पेढीच्या पैशांत त्यांच्या हातून अफरातफर झाली; खटला चालला व शिक्षा झाली. वरच्या कोर्टांत अपील चालू होतें तोंवर ते जामिनावर सुटून घरीं राहिले होते. तें अपीलहि फेटाळलें गेलें, आणि चार आठवड्यांच्या आंत कोर्टापुढें हजर होऊन शिक्षा भोगावयास लागावें असा हुकूम झाला. तेव्हां त्यांचे चुलते त्यांस म्हणूं लागले, "बाळा, रातोरात मुंबई गांठ. एवढ्या मोठ्या शहरांत कोण कोणास शोधतो?" उपदेशकांनीं आम्हांस विचारिलें, "पाळकसाहेब, ह्यांस आम्हीं काय सांगावें? जा म्हणावें तर आपल्याच भावास तुरुंगांत लोटल्यासारखें होतें. जाऊं नका म्हणावें तर मन खातें."

त्यांनीं जावें, हें उत्तर एका ओळीचें आहे. परंतु कसें जावें, कोणाच्या सोबतीनें जावें, आणि जे मागें राहतात त्यांनीं काय करावें, हें एका ओळींत सांगून होत नाहीं. ह्याकरितां आज आपण एका दूरच्या देशांतील रीत पाहूं. तो देश अमेरिका. आपल्यापेक्षां तेथील लोक चांगले आहेत म्हणून हें उदाहरण घेतों असें नाहीं. तेथें कांहीं गुन्हेगारांस पोलीस धरून नेत नाहीं, आणि तेथें पोंचल्यावर भिंतहि अडवीत नाहीं. त्यामुळें आपल्या पायांनीं जाणें म्हणजे काय, हें तेथें स्पष्ट दिसतें.

१. भिंत नसलेली कैद

अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारनें आपल्या तुरुंगांचा कारभार पाहण्यासाठीं १९३० सालीं एक स्वतंत्र खातें स्थापिलें. त्या खात्याच्या तुरुंगांत बंदोबस्ताच्या पायऱ्या आहेत. सर्वांत वर उंच तट, मनोरे व हत्यारी पहारेकरी. सर्वांत खालीं कैदी छावणी. अशा पुष्कळ छावण्यांभोंवतीं तट नसतो. असलेंच तर थोडेंबहुत कुंपण असतें. कैदी लांब खोल्यांत ओळीनें खाटा मांडून निजतात. कैद्यांच्या मानानें पहारेकरी थोडे. ज्यांच्या नांवावर मारहाणीचे किंवा अत्याचाराचे गुन्हे नाहींत, व ज्यांची शिक्षा दहा वर्षांहून कमी उरली आहे, बहुधा अशांस तेथें पाठवितात.

हें ऐकून कोणी म्हणेल, ही कैद कसली, ही तर धर्मशाळा! तसें नाहीं. अंगीं शक्ति असलेल्या प्रत्येकास काम करावें लागतें. कोणी स्वयंपाकघरांत, कोणी धोबीखान्यांत, कोणी बागेंत. मजुरी तासास १२ पासून ४० सेंटपर्यंत. शंभर सेंटांचा एक डॉलर होतो, म्हणजे दिवसभर राबून चार डॉलरसुद्धां पदरीं पडत नाहींत. दिवसां व रात्रीं अनेक वेळां हजेरी होते. दुपारीं चारच्या हजेरीस प्रत्येकानें आपल्या खाटेपाशीं उभें राहावयाचें असतें. टपाल तपासलें जातें. टेलिफोनवर किती मिनिटें बोलावें हेंहि ठरलेलें असतें. घरीं आई आजारी पडली तरी परवानगीवांचून पाऊल बाहेर टाकतां येत नाहीं.

असे तुरुंग बांधण्याची कल्पना जुनी आहे. वेस्ट व्हर्जिनिया प्रांताच्या डोंगरांत ऑल्डरसन म्हणून गांव आहे. तेथें १९२७ सालीं स्त्रियांसाठीं मध्यवर्ती सरकारचा पहिला तुरुंग सुरू झाला. त्याच्या पहिल्या मुख्य अधिकारी मेरी बेल हॅरिस नांवाच्या बाई होत्या. तेथें तट न घालतां लहान लहान घरें बांधलीं. ज्या स्त्रीस पुढें जगांत परत जावयाचें आहे, तिला स्वतःचा भार स्वतः वाहावयास शिकविलें पाहिजे, असा त्यामागील विचार होता.

मग तट नसतां कैदी पळून कां जात नाहींत? कायद्याचा धाक आहेच. छावणींतून चालत निघून जाणें हाहि तेथें पलायनाचाच गुन्हा. त्यास पांच वर्षांपर्यंत नवी शिक्षा होऊं शकते, आणि मग छावणी सुटून तटाआड जावें लागतें. परंतु रात्रीं दिवे मालवल्यावर रस्ता शंभर पावलांवर असतां माणूस अंथरुणावर पडून राहतो, तो केवळ धाकानेंच राहतो असें नाहीं. मी येथें राहीन असा शब्द त्यानें दिलेला असतो, आणि तो शब्द त्यास रोज नव्यानें पाळावा लागतो. तटाच्या आंत असलेल्यास हें ओझें नसतें. त्याच्या वतीनें तट शब्द पाळतो.

२. हजर होण्याचा दिवस

आतां ह्या छावणीच्या दाराशीं माणूस येतो कसा तें पाहूं. शिक्षा सुनावल्यावर, हा मनुष्य पळून जाणार नाहीं अशी न्यायाधीशाची खात्री असली, तर तो त्यास घरीं जाऊं देतो व हजर होण्याची तारीख नेमून देतो. कोणत्या ठिकाणीं जावयाचें हें तुरुंग खातें ठरवून कळवितें. नेमलेल्या दिवशीं, नेमलेल्या वेळेच्या आंत, त्यानें आपण होऊन फाटकाशीं उभें राहावयाचें. असा आपल्या पायांनीं आलेला कैदी किती बंदोबस्तांत ठेवावा हें ठरवितांना ती गोष्ट त्याच्या बाजूची धरतात. न आला तर तो निराळा गुन्हा होतो, आणि त्याची शिक्षा पहिली संपल्यावर पुढें भोगावी लागते.

फाटकांतून आंत गेल्यावर नांव विचारतात, ओळख पटवितात, बोटांचे ठसे व छायाचित्र घेतात. अंगावरचे सर्व कपडे उतरवून झडती होते. दुखणें-औषध काय तें विचारतात. आलेले कपडे घरीं धाडून देतात व छावणीचे कपडे देतात. खड्याशिवायची साधी लग्नाची अंगठी, चष्मा, खटल्याचे कागद, असें थोडेंच जवळ राहतें. मग आठ आंकड्यांचा एक नंबर मिळतो. काल ज्यास लोक साहेब म्हणत होते, त्यास आज तो नंबर पाठ करावा लागतो.

उपदेशक बंधूंनो, ह्यांतील एका गोष्टीकडे लक्ष द्या. शिक्षा झाल्यापासून हजर होईपर्यंत जे दिवस मिळतात, ते फार जड असतात व फार मोलाचेहि असतात. तुमच्या मंडळींत कोणावर अशी वेळ आली तर ते दिवस रडण्यांत व लपण्यांत जाऊं देऊं नका. घरांतील देणें-घेणें कागदावर लिहून ठेवावें. शेत कोण पाहील, मुलांची फी कोण भरील, हें नांवानिशीं ठरवावें. औषधांची यादी डॉक्टरांच्या सहीची घ्यावी. घरचे पत्ते व टेलिफोनचे नंबर पाठ करावे. आणि मुलांस खरें सांगावें. "बाबा दुबईस नोकरीला गेले" असें सांगून आपण मुलांस दुःखांतून वांचविलें असें पुष्कळ आयांस वाटतें. शाळेच्या पटांगणांत आठ दिवसांच्या आंत दुसरें कोणी पोर त्यांस खरें सांगतें, आणि मग मुलें बापावर रुसतात तशीं आईवरहि रुसतात.

३. दोन माणसें

मार्था स्ट्युअर्ट ह्या बाई घर कसें लावावें, स्वयंपाक कसा करावा हें सांगून अमेरिकेंत घरोघर प्रसिद्ध झाल्या व फार धनवान झाल्या. डिसेंबर २००१ मध्यें त्यांनीं एका कंपनीचे शेअर विकले. त्या विक्रीची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांस खोटें सांगितलें व न्यायाच्या कामांत अडथळा आणला, ह्याबद्दल मार्च २००४ मध्यें त्या दोषी ठरल्या. जुलैमध्यें पांच महिन्यांची शिक्षा झाली. त्यांचें अपील चालू होतें, व तें संपेपर्यंत शिक्षा थांबविलेली होती. त्या घरीं राहूं शकत होत्या. तरी त्यांनीं आपण होऊन शिक्षा लवकर सुरू करून मागितली, आणि ८ ऑक्टोबर २००४ रोजीं पहाटे अंधारांतच ऑल्डरसन येथें हजर झाल्या. मार्च २००५ मध्यें त्या तेथून सुटल्या. अपील फेटाळलें गेलें तें त्यानंतर, २००६ सालीं. त्यांस पश्चात्ताप झाला असें आम्ही म्हणत नाहीं; त्या तर अपील लढतच होत्या. परंतु एवढें व्यवहारज्ञान त्यांच्यापासून घेण्यासारखें आहे: पुढें ढकललेली शिक्षा एका दिवसानेंहि कमी होत नाहीं, सुरू केलेली मात्र रोज एका दिवसानें कमी होते.

दुसरें उदाहरण आपल्या विषयास अधिक जवळचें आहे. चार्ल्स कोल्सन हे १९६९ पासून १९७३ पर्यंत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे खास सल्लागार होते. राजकारणांत निर्दय म्हणून त्यांची ख्याति होती. १९७३ सालीं, निक्सन यांच्या लोकांचीं कृत्यें एकामागून एक उघडकीस येत असतां, कोल्सन यांचें मन पालटलें व ते ख्रिस्ताकडे वळले. वर्तमानपत्रांनीं थट्टा केली. तुरुंग दिसूं लागला म्हणून धर्म आठवला, असें लोक म्हणाले. अशा वेळीं माणूस खरा कीं खोटा हें बोलण्यावरून कळत नाहीं.

डॅनियल एल्सबर्ग यांनीं १९७१ सालीं व्हिएतनामच्या युद्धाविषयींचे गुप्त कागद वर्तमानपत्रांस दिले होते. त्यांच्यावर खटला चालू असतां त्यांची बदनामी करून न्यायाच्या कामांत अडथळा आणल्याचा गुन्हा कोल्सन यांनीं ३ जून १९७४ रोजीं कोर्टांत कबूल केला. त्यांच्यावरील इतर आरोप त्यामुळें काढून घेण्यांत आले, हेंहि सांगितलें पाहिजे. २१ जून रोजीं त्यांस एक ते तीन वर्षांची कैद व ५,००० डॉलर दंड झाला. जुलैमध्यें ते आपण होऊन सरकारच्या हवालीं झाले. प्रथम मेरीलंड प्रांतांतील एका जुन्या लष्करी ठाण्यावर, व मग अलाबामा प्रांतांत मॅक्सवेल नांवाच्या विमानदळाच्या तळावरील कैदी छावणींत त्यांस ठेविलें. राष्ट्राध्यक्षांच्या शेजारच्या कचेरींत बसणारा हा मनुष्य तेथें धोबीखान्यांत इतर कैद्यांचे कपडे धूत असे. सुमारें सात महिन्यांनंतर, ३१ जानेवारी १९७५ रोजीं ते सुटले. १९७६ सालीं त्यांनीं कैद्यांच्या व त्यांच्या कुटुंबांच्या सेवेसाठीं 'प्रिझन फेलोशिप' ही संस्था काढली. २०१२ सालीं मरेपर्यंत ते पुनःपुन्हा तुरुंगांत जात राहिले, आतां भेटावयास.

ह्या कथेंतील एक गोष्ट आम्हांस सर्वांत मोठी वाटते. कोल्सन यांच्यासाठीं प्रार्थना करणारे कांहीं थोडे मित्र होते. त्यांत हॅरल्ड ह्यूज नांवाचे सेनेटर होते; ते विरुद्ध पक्षाचे, एरव्हीं कोल्सन यांचें तोंडहि न पाहणारे. आणि अल क्वी नांवाचे कायदेमंडळाचे एक सभासद होते. कोल्सन तुरुंगांत असतां त्यांच्या घरीं अडचण उभी राहिली तेव्हां क्वी यांनीं विचारलें कीं, त्यांच्या शिक्षेचे उरलेले दिवस मीं त्यांच्याऐवजीं भोगले तर चालेल काय? तशी अदलाबदल झाली नाहीं. परंतु मोठ्या पदावरील एक निर्दोष मनुष्य दोषी मित्राच्या जागीं खाटेवर निजावयास तयार आहे, हें कळल्यावर कोल्सन यांस तुरुंगांत काय वाटलें असेल, ह्याचा वाचकांनीं विचार करावा.

४. दारें उघडलीं तरी

प्रेषितांचीं कृत्यें ह्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायांतील गोष्ट तुम्हां सर्वांस ठाऊक आहे. फिलिप्पै नगरांत पौल व सीला आंतल्या बंदिशाळेंत खोड्यांत अडकविलेले होते. मध्यरात्रीं भूमिकंप झाला, दारें उघडलीं, सर्वांचीं बंधनें सुटलीं. नायक जागा होऊन पाहतो तों दारें सताड उघडीं! कैदी पळाले असें समजून तो तरवार उपसून आपला जीव घेणार, तोंच आम्ही सर्व येथेंच आहों असा पौलाचा आवाज अंधारांतून आला.

पौल निर्दोष होता. आमचे चिटणीस बंधु दोषी आहेत. तेव्हां दोघांची बरोबरी आम्ही करीत नाहीं. परंतु एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. जो पळतो तो आपला भार दुसऱ्याच्या मानेवर टाकून पळतो. पौल पळता तर नायक मरता. आमचे बंधु मुंबईस जाते तर? आम्हीं उपदेशकांस उलट पत्रीं विचारलें, "त्यांस जामीन कोण आहे?" उत्तर आलें, त्यांच्या सासऱ्यांच्या भावकींतील एक शेतकरी, तीन एकर जिराईत, दोन बैल. आरोपी हजर झाला नाहीं तर कोर्ट जामीनदाराकडून रक्कम वसूल करतें. जे लोक रातोरात पळण्याचा सल्ला देत होते, त्यांपैकीं एकानेंहि ह्या शेतकऱ्याचें नांव काढलें नव्हतें. उपदेशकांनीं तें काढलें, आणि आमचे बंधु बराच वेळ खालीं मान घालून बसले, मग म्हणाले, "जातों."

५. आपल्या देशांतील वसाहत

आपल्याकडील रीत मात्र निराळी आहे, आणि तिच्याविषयीं कोणास खोटी आशा लावूं नये. आपल्याकडे शिक्षा झालेला माणूस बहुधा प्रथम तटाच्या तुरुंगांतच जातो. तेथें त्याची वागणूक चांगली दिसली तर पुढें त्यास खुल्या तुरुंगांत पाठविण्याचा विचार होतो.

तरी बिनतटाच्या कैदेची कल्पना आपणांस परकी नाहीं. सांगली जिल्ह्यांत आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नांवाची कैद्यांची वसाहत आहे. हा मुलूख पूर्वीं औंध संस्थानांत होता. राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांच्या कारकीर्दींत, पोलंड देशांतून आलेले इंजिनियर मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रयत्नानें, १९३९ सालीं तिचा आरंभ झाला. मोठ्या गुन्ह्यांचे कैदी तेथें तटाशिवाय, शेती करून, आपल्या बायकामुलांसह राहूं लागले. व्ही. शांताराम यांनीं १९५७ सालीं काढलेला 'दो आँखें बारह हाथ' हा बोलपट ह्याच प्रयोगावरून सुचला. आटपाडीच्या त्या कोरड्या माळावर जें साधलें तें ऑल्डरसनच्या डोंगरांत साधलेल्याहून निराळें नव्हतें: माणसावर विश्वास टाकला, व बहुतेकांनीं तो राखला.

६. मागें राहिलेल्यांचें काम

आतां शेवटची गोष्ट सांगतों, आणि ती सांगतांना आम्हांस लाज वाटते. हजर होण्याच्या दिवशीं सकाळीं सहाच्या एस. टी. नें आमचे बंधु तालुक्यास निघाले. बरोबर त्यांची आई, पत्नी आणि उपदेशक, एवढींच माणसें. त्या गांवीं आपल्या मंडळींचीं चाळीस घरें आहेत. पांचटाक्यापाशीं एकहि माणूस आला नाहीं. दारें लोटलेलीं होतीं. फटींतून लोक पाहत होते. आम्हीहि जाणार होतों. आदल्या रात्रीं आम्हीं एका कमिटीच्या सभेची सबब काढली. ती सभा आमच्यावांचून झाली असती, हें आम्हांस तेव्हांहि ठाऊक होतें. खरें कारण हें कीं, चोरास पोंचवावयास पाळक गेला असें लोक म्हणतील, ह्याची आम्हांस भीति वाटली.

उपदेशकांनीं नंतर लिहिलें, "गाडी सुटतांना आईनें मुलाच्या हातांत भाकरीचें फडकें दिलें व म्हणाली, 'बाबा, आंत गेल्यावर वेळेवर जेव.' त्यांस कोर्टाच्या पायऱ्यांपर्यंत मीं हाताशीं धरून नेलें. पायऱ्या मात्र ते एकटे चढले."

आमच्या त्या बंधूंनीं दोष केला, व त्याची शिक्षा ते भोगीत आहेत. आम्हीं जें केलें त्यास कोणतें कोर्ट शिक्षा देत नाहीं. त्यांची पत्नी आतां भक्तीच्या वेळीं अगदीं दाराशीं बसते व शेवटची प्रार्थना संपण्यापूर्वींच निघून जाते. ज्यास बंदिशाळेंत जाण्याचें धैर्य झालें त्याच्या घरच्यांस देवाच्या मंदिरांत येण्याची भीति वाटावी, ह्याचा दोष मंडळींकडे जातो.

आम्हीं पुढच्या महिन्याच्या मुलाखतीच्या दिवशीं त्यांस भेटावयास जाण्याचें ठरविलें आहे, व ह्या वेळीं कमिटीस तसें आधींच कळविलें आहे. त्यांच्या मंडळींनेंहि जामीनदार शेतकऱ्याच्या ओसरीवर एक बैठक भरवून, त्या घरच्या मुलांची फी ह्या वर्षीं कोण भरील हें ठरविलें, असें कालच कळलें. आरंभ उशिरां झाला, परंतु झाला.

अभ्यासवर्गासाठीं प्रश्न

१. तटाच्या तुरुंगांतील कैदी व बिनतटाच्या छावणींतील कैदी, ह्यांच्यावरील ओझ्यांत काय फरक आहे?

२. पळून जाण्याचा सल्ला देणारा मनुष्य कोणाचें नांव घ्यावयास विसरतो?

३. अल क्वी यांनीं जें देऊं केलें तें आपल्या गांवीं कोणत्या लहान रूपानें देतां येईल? शेत, फी, मुलाखतीस जाण्याचें गाडीभाडें, ह्यांचा एकेक करून विचार करावा.

४. आपल्या गांवांतील कोणाचें माणूस आज तुरुंगांत आहे? त्याच्या घरीं आपण शेवटचे कधीं गेलों? ह्या प्रश्नाचें उत्तर वर्गांत मोठ्यानें देऊं नये. घरीं जातांना त्या दारावरून जावें.